प्रलयाचं लाकूड

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा हे लिहिणं म्हणजे माझा शुद्ध वेडेपणा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कायले कागद खराब करून राहिली वो?" करू दे मला. उन्हाळ्याची सुट्टी आहे, शाळा रिकामी आहे, स्वराज्य आता आलंच म्हणून गावातली माणसं दिवसभर बोलत असतात, आणि मी जेवून पडवीत बसले की डोळा लागतो. त्या गुंगीत हल्ली रोज आपला तलाव येतो. भरलेला नाही, त्या वर्षीचा, आटलेला. तळाला भेगा पडल्यात, बगळे कोरड्या चिखलात मुकाट उभे आहेत आणि तू डोक्यावर गाळाची टोपली घेऊन तलावाच्या बांधावर, पाळीवर, चढते आहेस. मी हाक मारते, पण तू वळत नाहीस. जाग येते तेव्हा उन्हं कललेली असतात.

त्या उन्हाळ्यात सगळं गाव गाळ उपसत होतं. आपापल्या शेतात, बांधीत, नेऊन टाकायचा, धान चांगलं येतं. मी मात्र पाळीवर छत्री धरून उभी! मिडल पास झाले होते ना. मुलींची नवी शाळा निघणार होती, आणि तिथे मला मास्तरीण म्हणून लावायचं की नाही हे गावाच्या मालकांच्या, मालगुजारांच्या, शब्दावर होतं, म्हणून मी हाताला चिखल लागू देत नव्हते. काय तो तोरा माझा! तू एकदाही टोमणा मारला नाहीस, याचंच मला आज जास्त लागतं. आणि एका सकाळी गाळातून ते लाकूड निघालं. साजाच्या झाडाचं लांबलचक खोड, आतून कोरून पोकळ केलेलं, काळं पडलेलं, अंगावर ओळीनं चार भोकं. खणलेल्या कडेला, काळ्या गाळाच्या मधोमध, वीतभर जाडीचा पिवळा पट्टा दिसत होता.

मालगुजारांकडे तेव्हा कलकत्त्याकडचे एक विद्वान गृहस्थ पाहुणे होते. पुराणातला प्रलय जसाच्या तसा घडला होता आणि जमीन त्याची साक्ष देते, असं पुस्तक ते लिहीत होते. बातमी कळताच बैलांच्या दमणीतून येऊन ते धोतर सावरत थेट चिखलात आले. पिवळ्या पट्ट्यावर हात फिरवून म्हणाले, हाच प्रलयाचा थर. खोडाकडे पाहून म्हणाले, हीच ती नाव, आणि ही भोकं मत्स्यावताराच्या शिंगाला बांधायच्या दोरीसाठी. त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. मनूची नाव आमच्या तलावात! बायांनी टोपल्या खाली ठेवल्या, कोणीतरी हळदकुंकू आणायला धावलं. तू तेवढी लांब उभी होतीस, पदराचं टोक दातात धरून.

दुपारी सगळे भाकरी खायला घरी गेले तेव्हा तू माझा हात धरलास. ते गृहस्थ एकटेच मोहाच्या सावलीत टिपणं काढत बसले होते. तू मला ओढत त्यांच्यापुढे नेलंस. म्हणालीस, "साहेबाले सांग. नावेले भोकं कोण पाडते? बुडून मरायचं आहे का त्याले? हे तुडूम होय." तुडूम म्हणजे तलावातून शेतात पाणी सोडायची मोरी. भोकांना खुंट्या ठोकायच्या आणि पाणी उतरेल तशी एकेक काढायची. तलाव बांधणाऱ्यांच्या घरातली लेक तू, तुला ते बाळपणापासून ठाऊक. मग तू कडेची पिवळी माती बोटांनी फोडलीस. "हा गाळ नाही. हा मुरूम होय, पाळीचा. वरच्या जंगलातला तलाव माझ्या बाबानं बांधला होता. एका श्रावणात पाळ फुटली. तुडूम वाहून इथं आलं. माझी माय त्याच पान्यात गेली." या गावाच्या बांध्या ज्या पुरानं रेतीखाली गाडल्या, तो पूर माझ्या आजोबाच्या पाळीचा होता, आणि तू इथे नांदायला आल्यापासून तोंडाला कुलूप लावून बसली होतीस. "गावाले सांगू नको," तू म्हणालीस, "पन पुस्तकात बरोबर लिहिलं पायजे." मी कुजबुजले, माय, अगं, देवाचं काम आहे ते. तू फटकन म्हणालीस, "देवाची गोष्ट खरीच आहे. पन ती आपल्या तलावातली नाही. देवाले साक्षीदार कायले पायजेत?"

ते गृहस्थ वाट पाहत होते. तुझी बोली त्यांना कळत नव्हती. विचारलं, क्या कहती हैं माताजी? आणि मी, माय, मी म्हटलं, आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की इथे फार मोठं पाणी आलं आणि सगळं बुडालं. बाजारापुरती हिंदी तुला यायची, म्हणून मुद्दाम जड जड शब्द वापरले, तुझ्या डोक्यावरून जातील असे. का केलं? शाळेसाठी केलं. आजोबाची लाज वाटली म्हणूनही केलं. आणि त्या माणसाचा उजळलेला चेहरा विझवायचं माझ्या जिवावर आलं. त्यांनी उठून तुझ्या पायांना हात लावला. तू गोंधळून मागे सरलीस. घरी जाताना विचारलंस, "बरोबर सांगितलंस ना त्याले?" मी हो म्हटलं. त्या दिवशी तू पोटभर जेवलीस. त्यानंतर कितीतरी दिवस तू चालायचीस तीसुद्धा हलकी, तरंगल्यासारखी, आणि मी तुझ्याकडे पाहायचं टाळायची.

शाळा मला मिळाली. लाकडावर छप्पर आलं, शेंदूर आला, दवनीवाड्याहून बैलगाड्या भरून माणसं यायला लागली. पुढे शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी बोलता बोलता सांगितलं की परदेशात कुठेशा जुन्या शहराखाली असाच जाड गाळ सापडला, मोठा पूर खरा ठरला म्हणून गाजावाजा झाला. मग दुसऱ्या शहरांत खणलं तर एका ठिकाणचा गाळ दुसऱ्या ठिकाणच्या काळाशी जुळेना. नदीकाठची गावं, प्रत्येकाचा पूर आपापला. ते हसत होते. मला हसू येईना. मला वाटलं, तिथेही एखादी बाई त्या साहेबापुढे उभी राहिली असेल का, हा आमच्या गावचा पूर आहे म्हणून सांगायला? आणि मधे कोण उभं असेल? तेव्हापासून कोणी जमिनीतलं काही दाखवून हा बघा पुरावा म्हटलं की मी आधी विचारते, तिथे राहणाऱ्यांना विचारलं का. लोक म्हणतात, मास्तरीण फार शंकेखोर. असू दे.

पुस्तक आलं तो दिवस मात्र अजून उलगडत नाही. मालगुजारांनी शाळेला एक प्रत दिली होती. तू तेव्हा थकली होतीस, खाटेवरच असायचीस. म्हणालीस, "माझं वाचून दाखव." हिंदी पुस्तकात तुझं जे होतं ते एवढंच, की एका वृद्ध स्त्रीच्या घराण्याची परंपरा प्रलयाला दुजोरा देते. ज्याला तू नाही म्हणालीस, त्याचीच तू साक्षीदार. मी पान उघडून धरलं आणि तुझं त्या दुपारचं बोलणं आठवून तेच मोठ्यानं वाचत गेले, तुडूम, मुरूम, फुटलेली पाळ. दारातून ऊन येत होतं, बाहेर कोणीतरी धान कांडत होतं, आणि तू डोळे मिटून ऐकत होतीस. तो खोटेपणा होता, पण तेवढा वेळ मलाच वाटलं की हे सगळं खरंच तिथे छापलंय. वाचून संपल्यावर तू पानावर हात ठेवलास. म्हणालीस, "आन् मायचं नाव टाकलं का त्यानं? मी सांगितलं होतं." मी म्हटलं, टाकलंय ना. तू म्हणालीस, "वाच."

मी म्हटलं, ते पुढच्या पानावर आहे, उद्या वाचते. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. त्या दुपारी मोहाखाली तू तिचं नाव घेतलं होतंस, नक्की घेतलं होतंस, आणि मी त्या वेळी हिंदी शब्द जुळवत होते. आता ते सांगणारं कोणी उरलं नाही. माय, माझ्या आजीचं नाव मला माहीत नाही.