ऑलिव्ह बसली त्या चार वेळा

२ जुलै, मंगळवार

चौथी तक्रार. चौक तोच, व्हार्फ रोड आणि जिलीज स्ट्रीट. बाईही तीच. लोरेन डेलाहंटी, वय एकसष्ट, जन्मांध, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. म्हणणं असं — सिग्नलच्या खांबावरचं बटण ‘चला’ म्हणून जलद टिकटिक करू लागलं, तळहाताखाली थरथरलं, आणि तिची वाटाडी कुत्री ऑलिव्ह फूटपाथच्या कडेला आडवी बसली. उठेचना.

कॉलिन (माझा साहेब) म्हणाला, “कुत्री म्हातारी झालीय आणि बाईला ते पचत नाहीये. टॅमझिन, जा, ‘दोष नाही’ लिही, जेवायला परत ये.”

मलाही तसंच वाटतं. पण आधी तपासणार, मग लिहिणार.

३ जुलै

चाळीस वेळा बटण दाबलं. चाळीसही वेळा बरोबर.

पंचविसाव्या वेळी बाई स्वतः हजर! ऑलिव्ह काळी, तोंडाभोवती पांढरी.

“कोण आहे?”

“पालिकेची तंत्रज्ञ.”

“आलीस एकदाची! तीन वेळा नुसती छापील पत्रं पाठवलीत. ती मला वाचून कोण दाखवणार, ही?” — कुत्रीच्या डोक्यावर थोपटत. हसू येत होतं. आवरलं.

तारखा विचारल्या. एका दमात सांगितल्या — सहा मे, दहा बेचाळीस. एकवीस मे, चार सात. चौदा जून, अकरा पस्तीस. एक जुलै, नऊ अठरा. मनगटावर बोलकं घड्याळ आहे म्हणे. इतकं अचूक कोण सांगतं? पाठ केलेलं असलं तरच.

शिवाय हे तिनेच सांगितलं — बारा तारखेला होबार्टहून कुत्र्यांच्या संस्थेचा परीक्षक येणार. आमच्याकडून ‘दोष नाही’ गेलं, की ऑलिव्ह विनाकारण अडते असं ठरणार. मग तिला काढून घेणार.

म्हणजे हेतू उघड आहे.

४ जुलै

यंत्राच्या नोंदी पाहिल्या. चारही दिवशी दोषाची एकही खूण नाही. बाई खोटं बोलते.

५ जुलै

बोलते का?

नोंदीत दिवा येतो. आवाज येत नाही! कुठला दिवा कधी लागला ते सगळं आहे. टिकटिक कधी सुरू झाली, कधी थांबली, काही नाही. नोंदी ठरवणारे सगळे डोळस. मीसुद्धा काल तेच वाचून बाईला खोटं ठरवलं.

आणखी एक. आधीच्या तिन्ही तक्रारी कॉलिनने खुर्चीत बसून बंद केल्यात. चौकात कुणी गेलंच नाही. का, विचारलं.

“कारण मला दुसरीही कामं असतात, बाईसाहेब. खोदत बसू नकोस.”

माझ्याकडे न बघता बोलला. लक्षात ठेवलंय.

८ जुलै

बाईबरोबर तासभर खांबापाशी उभी. जुलै म्हणजे इथे ऐन हिवाळा, बोचरी थंडी. तिने पिशवीतून सॉसेज रोल काढून अर्धा मला दिला. परीक्षा घ्यावी म्हणून विचारलं, “ऑलिव्ह बसली, मग पुढे काय झालं?”

“पुढे काय? गाड्या सुसाट. मागून बंब गेला. मग घरी.”

“बंब? चारही वेळा?”

“हो की.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“अगं पोरी, फायर स्टेशन पलीकडच्या गल्लीत आहे. बंब जाणारच. बंदरावर राहणारा माणूस सीगल ओरडले म्हणून तक्रारीत लिहितो का?”

९ जुलै

फायर स्टेशनमधून बंब सुटल्याच्या वेळा मागवल्या. दहा बेचाळीस. चार सात. अकरा पस्तीस. नऊ अठरा. चारही जुळल्या — मिनिटासकट!

स्टेशनचं दार उघडलं की आमचा सिग्नल पादचाऱ्यांचा दिवा लाल करतो आणि बंबाचा रस्ता मोकळा सोडतो. दिवा ऐकतो. बटणाचा आवाज दुसऱ्या तारेवर, त्याला थांबायचा हुकूम उशिरा पोचतो. दुपारी तिथल्या माणसाला दार उघडायला लावलं. मी बटण दाबून खांबावर हात ठेवून उभी. समोरच्या दिव्यात लाल माणूस, हाताखाली ‘चला, चला, चला’. नऊ सेकंद.

सिग्नलचा हा प्रोग्रॅम कुणी लिहिला? मनात दोन नावं होती. फाइल उघडली.

२०२२. तिसरंच नाव. माझं.

१० जुलै

दुरुस्तीला अर्धा तास लागला. फक्त अर्धा तास.

कॉलिन म्हणाला, “झालं ना? मग ‘नेहमीची देखभाल’ लिही.”

“आणि ऑलिव्ह?”

“ऑलिव्ह निवडणुकीत मत देत नाही.”

सगळं लिहिलं. चार तारखा, नऊ सेकंद, माझं नाव. एक प्रत होबार्टच्या संस्थेला. तेव्हापासून कॉलिन माझ्याशी कामापुरतंही बोलत नाही.

१२ जुलै

ऑलिव्ह राहणार! बाईचाच फोन. परीक्षक म्हणाला, अशी कुत्री दहा वर्षांत पाहिली नाही.

मग म्हणाली —

“चारही वेळा मी तिच्यावर ओरडले गं. दुसऱ्यांदा तर पट्टा धरून ओढली. मला वाटलं, यंत्र कशाला खोटं बोलेल?”

“हो,” म्हटलं.

१५ जुलै

बंबाच्या वाटेवरच्या आणखी सहा चौकांत माझाच प्रोग्रॅम आहे. आज सहाही दुरुस्त केले. उद्या २०२२ पासूनचे अपघात बंबाच्या वेळांशी ताडून पाहणार.

१६ जुलै

एक अपघात जुळला. त्या सहांपैकीच मिल स्ट्रीटचा चौक, गेल्या वर्षी चार ऑक्टोबर, अकरा वीस. हार्लन विक्स, अंध. हातात काठी, कुत्रा नाही. गाडीने उडवलं, खुबा मोडला. यंत्र तपासून ‘दोष नाही’ मीच लिहिलं होतं. फाइलमध्ये त्याने गाडीवाल्याला पाठवलेल्या पत्राची प्रत आहे — “चूक माझीच. माझे कान आता दगा देतात. तुम्हाला त्रास झाला, माफ करा. यापुढे मी एकटा बाहेर पडणार नाही.”

पत्रावर पत्ता आहे.