खारूने आणलेली फळी

३ फेब्रुवारी

गिटारची मान पेटीला चिकटवली. शिकंजे आवळून ठेवलेत. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

मग पाठीची फळी बघत बसले. सालीखाली किड्यांनी कोरलेले चरे – बारीक, वळणं घेत गेलेले, एकही दुसऱ्याला कापत नाही. इतकी वर्षं पटाशी चालवतेय, मला अशी एक रेघ साधलेली नाही. चऱ्यांत काळा भुसा आणि सरस भरून घासून सपाट केलं, एवढंच माझं काम. बाकीचं आयतं.

खारूने नदीवरून हा ओंडका खांद्यावर घालून आणला होता. निम्मा चिखल घरभर. "आई, बघ, तुझं काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय. आता बाबाला याचीच गिटार कर." मी आधी चिखल पुसून घे म्हणाले. मग चिरून फळ्या आणि मानेचा तुकडा वाळायला ठेवला. लाकडाला वाळायला वेळ द्यावा लागतो. फळ्या वाळल्या, पण ती तेवढी थांबली नाही. तीन दिवसांचा ताप, आणि संपलं. एकोणीस वर्षांची होती.

५ फेब्रुवारी

शिकंजे काढले. जोड छान बसलाय. मास्तरला दाखवला. "हं," म्हणाला.

माझ्या नवऱ्याने अर्ध्या गावाला गिटार शिकवली, म्हणून सगळे मास्तर म्हणतात, आणि मीही. आता शिकवणीच्या खोलीत खुर्च्या एकात एक रचून ठेवल्यात. स्वतःची गिटार त्याने एका विद्यार्थ्याला देऊन टाकली, कव्हरसकट. दिवसभर माझ्या कारखान्यात येऊन स्टुलावर बसतो. काम बघायला नाही. कुठेतरी बसायचं म्हणून बसतो. विचारलं तर उत्तर देतो, आपणहून शब्द नाही.

ही गिटार त्याने एकदा हातात घ्यावी. तेवढ्यासाठी चाललंय सगळं. मला दुसरं येतं काय? कुणाला स्वयंपाक येतो, कुणाला बोलता येतं. मला खोकी करता येतात.

७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांना एक गिटार हवीय, तिच्यावर पानांची वेल, शिंपल्याची, पार मानेपर्यंत चढलेली. "हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावायचीय. वाजली नाही तरी चालेल."

म्हटलं, मग पडदा घ्या. त्यावर हव्या तेवढ्या वेली मिळतात.

गेल्या. जाऊ देत! सुंदर आहे पण वाजत नाही, असली वस्तू मी जन्मात केली नाही. आणि वेल काढणार कुठून? माझी सगळी नक्षी खारूच्या खिशातून यायची. पीस, शेंगा, गोगलगाईचं कवच, पतंगाचा तुटका पंख – बाकावर खिसे उलटे करायची आणि मी काढायला बसायचे. म्हणून तर खारू. वॉशिंग मशीन एकदा तिच्या बियांनी तुंबलं होतं, किती ओरडले होते मी. आता घरात बाहेरचं काही येत नाही. जुनीच पानं गिरवतेय, आणि ती दिवसेंदिवस खोटी दिसायला लागलीत.

१० फेब्रुवारी

गिटारखाली भुशाची छोटीशी ढिगुळी. तांबूस, पिठासारखी. झाडून टाकली.

१२ फेब्रुवारी

पुन्हा. त्याच जागी. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

१३ फेब्रुवारी

लाकूडवाल्याला बोलावलं. त्याने मान जिथे पेटीला जोडलीय तिथला जाड भाग बोटाने चाचपला, एक बारीक भोक दाखवलं. "वहिनी, एक आत आहे. जिवंत."

म्हटलं, एवढ्या वाळलेल्या लाकडात?

"हे वाळलेल्यातच राहतात. वर्षानुवर्षं. उन्हाळ्यात भुंगेरा होऊन बाहेर पडला आणि जोडीदार मिळाला, की ही सगळी थप्पी गेली समजा." भिंतीकडच्या फळ्यांकडे बोट. खारूच्या जन्माआधीपासून जमवलेल्या फळ्या त्या. उपाय दोनच म्हणाला: जाळा, नाहीतर कडक थंडीत ठेवा आठवडाभर. भट्टीत घातली तर सरस सुटेल.

हे चाललं असताना मास्तर स्टुलावरून उठला. गिटार उचलली आणि पेटीला कान लावला. लाकूडवाला बोलायचा थांबला.

"करकरतंय," मास्तर म्हणाला.

कुणी न विचारता बोलला. किती महिन्यांनी, ते आठवायचा प्रयत्न केला. आठवेना.

१५ फेब्रुवारी

आता रोजचंच झालंय. गिटार मांडीवर घेऊन बसतो, वाजवायला घेतात तशीच, पण मान वाकवून कान पाठीवर. आज मलाही बोलावलं. मी दुसऱ्या बाजूने कान लावला. जाड पुठ्ठ्यावर नख घासावं तसा आवाज. थांबतो, परत सुरू होतो. पोकळ पेटी आहे, बारीकसा आवाजही मोठा करून दाखवते. मीच तशी केलीय ती.

"मास्तर, तो लाकूड खातोय."

"खाऊ दे."

"गिटार जाईल."

"जाऊ दे."

"अरे, तुझ्यासाठी केलीय मी!"

त्याने कान पाठीवरून काढला. मग म्हणाला, "तिने हे लाकूड उचललं तेव्हा हा आत होता. तिच्या खांद्यावर बसून घरी आलाय."

आत जाऊन धुतलेलीच भांडी परत धुतली.

१८ फेब्रुवारी

वन्सं आल्या होत्या. मासळीच्या कोल्ड स्टोरेजचा सगळा कारभार त्या बघतात, त्यामुळे त्यांच्याआधी वास येतो. दाराची कडीही वाजली नव्हती, तेवढ्यात मास्तर म्हणाला, "ताई आली."

मास्तरचं कान लावून बसणं त्यांनी पाहिलं. "छान. नवरा किड्याचं ऐकतो, बायकोचं ऐकत नाही." मग स्वयंपाकघरात येऊन पदराने तोंड दाबून रडल्या. जाताना कानात म्हणाल्या, "माझ्याकडे मागचा एक रॅक रिकामा आहे. काय ते ठरव."

खरं सांगायचं तर तो जेवतोय हल्ली. काल भात मागून घेतला. किडा दुपारी झोपतो आणि संध्याकाळी कामाला लागतो, हेही मला सांगितलं.

२१ फेब्रुवारी

त्याच ओंडक्याचा उरलेला तुकडा थप्पीत खाली होता. त्यातही भोकं. परसात नेऊन जाळला. मास्तर खिडकीतून बघत होता. खाली आला नाही.

आता फक्त गिटार उरली. मानेचं बूड पोखरून झालं की तारांचा ताण पेलणार नाही. म्हणजे कधीच वाजणार नाही. भिंतीवर टांगायचं खोकं, डॉक्टरीणबाईंना द्यावं असं.

मला त्या किड्याचा हेवा वाटतो. लिहायला लाज वाटते, पण वाटतो. तासन्‌तास त्याच्यापाशी कान. माझ्या आत काय करकरतंय, ते कुणी विचारलं? माझी नव्हती का ती? नऊ महिने कुणी वागवली? तो दुःखात आहे, त्याला सांभाळा – वन्सं म्हणतात, शेजारी म्हणतात, मीही म्हणते. आणि मी? मी काय लाकडाची?

असल्या घरात रोज सकाळी उठायचं कशासाठी, मला खरंच कळत नाही.

२४ फेब्रुवारी

नेली. त्याला सांगितलं, पॉलिशवाल्याला दाखवून आणते, ठेवून घेईल काही दिवस. प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या, एकात एक, वर चिकटपट्टी. वन्संनी मासळीच्या खोक्यांमागे उभी करून ठेवली. दार लावताना म्हणाल्या, "मन घट्ट कर. एक किडाच तर आहे."

मान हलवली.

२७ फेब्रुवारी

"कधी देणार म्हणाला?" सकाळी एकदा, जेवताना एकदा. परत बोलणं बंद. कारखान्यात यायचंही बंद, स्टूल रिकामं. मी रंधा मारत होते, उगाचच, कुठल्याशा फळीवर.

४ मार्च

काल आणली. दिवसभर पिशवीतच राहू दिली, एकदम उघडली तर ओल धरेल. आज तो न्हाणीघरात असताना पट्टी सोडली आणि कान लावला.

काही नाही. मेला.

मीच मारला. खारूच्या खांद्यावरून आलेला.

मास्तर ओल्या केसांनीच आला. "पॉलिश नाही केलं?" अजून वाळू दे म्हणाला, मी म्हटलं. त्याने गिटार मांडीवर घेतली. पिशव्या तशाच बाजूला पडल्या होत्या. कान लावला. खूप वेळ. मी पटाश्या लहानमोठ्या लावत उभी. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आहे," म्हणाला. "जरा मंदावलाय. थंडी बाधली असेल."

म्हटलं, उन्हात बस जरा.

७ मार्च

रोज काहीतरी सांगतो. आज जोरात आहे. आज जागा बदलली. "ऐक ना, ये." मी दुसऱ्या बाजूने कान लावते. नुसतं लाकूड. "ऐकलंस?" "हो."

तो भ्रमिष्ट होत चाललाय, आणि ते मी केलंय. निदान पूर्वी नुसता गप्प तरी होता.

९ मार्च

वन्संचा फोन. "सांगून टाक. गळू फुटलेलं बरं."

सोपं आहे बोलायला.

११ मार्च

भुसा पडायचा बंद झालाय, हे त्याच्या लक्षात येईल. बाकाखालचा चिमूटभर पांढुरका भुसा उचलला आणि गिटारखाली टाकला. हे करताना मला हसू आलं, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तोंडावर पाणी मारून आले.

संध्याकाळी तो भुसा मास्तरने तळहातावर घेतला, बोटाने पसरला, बघितला. खिडकीबाहेर झटकला.

१३ मार्च

आज दोघं कान लावून बसलो होतो. त्याचं तोंड माझ्याकडे, माझं त्याच्याकडे, मध्ये पेटी. एकाएकी म्हणाला, "तुला आठवतं, तिने शाळेच्या डब्यात गोगलगाय ठेवली होती?" मला आठवत होतं. पोळीला चिकटून परत आली होती. ती गेल्यापासून पहिल्यांदा तिची एक जुनी आठवण काढली. मी ऐकत राहिले. मग मीही सांगितलं – वॉशिंग मशीनचं, पतंगाच्या पंखाचं. अंधार पडेपर्यंत.

आणि हे सगळं कशाच्या जोरावर? आत मेलेल्या किड्याच्या. ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी हेही जाईल. मग काहीच उरणार नाही, ना तिचं, ना त्याचं. मला आता याच्यापुढचं काही दिसत नाही. लपवलं तरी मेले, सांगितलं तरी मेले.

उद्या सांगते.

१४ मार्च

नाही सांगितलं.

१५ मार्च

नाही.

१६ मार्च

मी समोर जाऊन उभी राहिले. तोंड उघडणार, तर तोच म्हणाला, "राहू दे. पिशवी सोडलीस तेव्हाच मला वाटलं, ताई आली."

मासळीचा वास. तीन पिशव्या घालून!

"आणि तो भुसा पांढरा होता. मान तांबडी आहे." आयुष्य लाकडात काढलेली बाई मी.

मग इतके दिवस ऐकू येतंय म्हणून का सांगत होतास?

गिटारच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "तू रोज जवळ येऊन बसायचीस ना, ऐकायला."

आजही बसलो. आत काही नव्हतं. बराच वेळ ऐकलं.