एका बरणीचा फरक

रेणुका,

देशाच्या करव्यवस्थेतला एक मोठा घोळ मी एकट्याने शोधून काढला आहे. तो आपल्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, पोह्यांच्या डब्यामागे आहे.

"आबा, जीएसटीत विक्री दाखवलीय, पण पैसे बँकेत आलेच नाहीत. कमिशन, कुरिअर वजा करूनही एका बरणीचा फरक राहतोच," असं तू काल कपाळाला हात लावून म्हणत होतीस. ती बरणी म्हणजे तुझ्या सासूबाईंनी, चंपाने, जायच्या आधी घातलेलं शेवटचं करवंदाचं लोणचं. तू लोणची विकतेस त्या साइटवर 'एकच शिल्लक' दिसत होतं. नागपूरच्या एका बाईंनी ते मागवलं. तू बिल करून खोकं शोधायला गेलीस, तेवढ्यात मी ऑर्डर रद्द करून पैसे परत पाठवले आणि तुला म्हटलं, "दिली गं कुरिअरला."

साइटने रद्द करायचं कारण विचारलं, तेव्हा घाईत 'माल खराब' वर बोट पडलं. तिच्या लोणच्याला असं कुणी म्हटलं असतं, तर चंपा आतून तरातरा भांडायला आली असती. मी बराच वेळ दाराकडे बघत बसलो.

आज कामशेतला करसल्लागारांकडे जाशील, तेव्हा एवढंच सांग, की ऑर्डर रद्द झाली होती, बिल मागे घेतल्याची क्रेडिट नोट करायची राहिली. मी कुरवंड्याला मित्राकडे, निवृत्तीकडे जातोय. तू हे वाचताना समोर नसलेलं बरं.

बरणी उघडू नकोस. आणि येताना बाजारातून कुठल्याही लोणच्याचं एक पाकीट आण, नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही.

आबा