मोनालीच्या गाण्यातली मोकळी जागा

गुरुवार, २ जानेवारी २०२५

आले एकदाची पिंपळीत! फलटणहून एसटीने बारामती आणि तिथून हार्मोनियम मांडीवर घेऊन रिक्षाने इथे. रिक्षावाल्याने विचारलं, पेटीत काय हाय? मी म्हटलं, सूर. बिचाऱ्याने आरसा फिरवून पेटीकडे निरखून बघितलं.

उद्यापासून बारामतीतल्या मुलींच्या शाळेत मी संगीताच्या बाई. बत्तिसाव्या वर्षी का होईना, कायमची नोकरी. अकरा वर्षं पहाटे उठून खर्ज लावला, विशारद पहिल्या वर्गात झाले, त्याचं कुठेतरी चीज झालं म्हणायचं. खोली वरच्या मजल्यावर, भरपूर उजेडाची, तिन्ही बाजूंना ऊस. वारा फिरला की माळेगावच्या साखर कारखान्याकडून मळीचा आंबूस गोड वास येतो. दुपारी नाक मुरडलं, संध्याकाळपर्यंत सवय झाली.

घरमालकीण शालनकाकू ख्रिस्ती. दारावर छोटा लाकडी क्रूस आणि त्याखाली कागदी फुलांचं तोरण. डबा त्याच देणार. त्यांची मुलगी मोनाली चोवीस-पंचवीसची असेल, खालच्या खोलीत ब्लाउज शिवते. जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलते इतकं हळू की प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागतं. काकू म्हणाल्या, आमची मोना पण गाती बरं का. मी म्हटलं, ये की वर, सरगम शिकवीन. ती हसली आणि पुन्हा मशीनवर वाकली. भली माणसं आहेत. मी इथे सुखात राहणार.

रविवार, ५ जानेवारी

मायलेकी सकाळी इंदापूरला उपासनेला गेल्या. मोनालीची मामेभावंडं तिथे असतात, गिटार आणि ड्रम वाजवतात. मला घर मोकळं मिळालं. तीन तास भैरव घोळवला. शेजारच्या आजी कुंपणाशी उभ्या राहून ऐकत होत्या. छान वाटलं, उगीच खोटं कशाला लिहू?

दुपारी काकूंनी त्यांच्याकडची रीत सांगितली. प्रार्थनेआधी प्रत्येकाने एकेक नाव घ्यायचं. आजारी, बेपत्ता, दारूत बुडालेला, ज्याचं कुणाचं मनावर ओझं असेल त्याचं. नाव घेतलं की सगळे मिळून त्याच्यासाठी मागतात. काकू म्हणाल्या, आपलं नाव आपण घ्यायचं न्हाय, ते दुसऱ्यानं घ्यायचं. मला रीत आवडली.

बुधवार, ८ जानेवारी

शाळेतून येताना गतिरोधकापाशी उसाचे ट्रॅक्टर खोळंबले होते. दोन-दोन ट्रॉल्या, आणि प्रत्येकाचा स्पीकर दुसऱ्याच्या वरताण. त्यातल्या एकातून असा काही आवाज आला की मला वाटलं गिअरबॉक्स फुटला. जाड, खरवडलेला, जमिनीखालून येणारा. मग त्यात शब्द ऐकू आले: प्रभू, दोर सोड. ड्रायव्हर सूरज, गल्लीतलाच. मी विचारलं हे काय लावलंस. तो म्हणाला, बाई, तुमाला म्हाईत न्हाय? तुमच्या घरची मोनी हाय की!

त्या चष्मेवालीचा आवाज! ‘गाळ’ नावाचा अल्बम आहे तिचा. सात गाणी, हेवी मेटल म्हणतात तसली, आणि सगळी येशूला मारलेल्या हाका. विहिरीच्या तळाच्या गाळात रुतलेलं माणूस वर बघून ओरडतं आहे, अशी. मामेभावांनी दोन वर्षांपूर्वी इंदापुरात खोलीला गाद्या लावून रेकॉर्ड केली आणि नेटवर टाकली. लाखो लोकांनी ऐकली म्हणे. लाखो! आणि मी हिला सरगम शिकवायला निघाले होते. ती हसली होती, ते आठवून अंगाचा तिळपापड झाला.

गुरुवार, ९ जानेवारी

हेडफोन लावून सगळा अल्बम ऐकला. परीक्षक म्हणून ऐकायला बसले होते. दुसऱ्या गाण्यात निषाद उतरलाय. तिसऱ्यात श्वास चुकीच्या जागी तोडलाय. शुद्ध आ-कार कसा तो नाहीच, नुसता घसा ओरबाडणं. वहीत अशा अकरा चुका मांडल्या.

चौथ्या गाण्याला रडले. का, ते मला माहीत नाही. बाबा गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते. ती त्या गाळात खाली खाली उतरत जाते आणि वाटतं, आता हिचा श्वास संपला, आणि तिथून ती हाक मारते. माझ्या अकरा वर्षांत मला अशी एक हाक मारता आली नाही. लोक माझं गाणं ऐकून छान झालं म्हणतात आणि चहाचं विचारतात.

प्रत्येक गाण्यात मध्येच सगळं थांबतं. आठ मात्रा मोकळ्या. नुसती हवा ऐकू येते. खाली जाऊन मोनालीला विचारलं, ही काय तऱ्हा? ती म्हणाली, ऐकणाऱ्यानं तितं नाव घ्यायचं, ज्याचं घेईल त्याच्यासाठी मी खाली उतरते. बोलता बोलता काजाला दोरा घालत होती. एवढी मोठी गोष्ट अशी सांगायची? मला तिचा राग राग आला.

सोमवार, १३ जानेवारी

शाळेत चित्रकलेच्या राजलक्ष्मी मॅडम माझ्या शेजारी बसतात. मी पिंपळीत मोनालीच्या घरी राहते म्हटल्यावर माझा हातच धरला. त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात रोज चौथं गाणं लावून त्याचं नाव घ्यायच्या. आता तो बरा आहे. सगळ्या शिक्षकांसमोर डोळे पुसत सांगत होत्या. मग मुख्याध्यापकांनी हुकूम सोडला: स्नेहसंमेलनात मोनालीला बोलवा, आणि तेजश्रीबाई, तुमी तिला पेटीवर साथ करा.

मी साथ करायची. तिला!

घरी आले, तीन वाजले होते. चौथं गाणं लावलं. मोकळी जागा आली आणि मी मोठ्याने म्हटलं: मोनाली. तिचा आवाज मला दे.

लिहून ठेवते आहे, म्हणजे उद्या वाचून लाज वाटेल. आत्ता मात्र जराही वाटत नाही.

बुधवार, १५ जानेवारी

मोनालीचा आवाज गेला. काल संक्रांतीला बसला होता, आज कुजबुजही निघत नाही. डॉक्टरांना घशात काही दिसलं नाही. काकू ज्येष्ठमधाचा काढा घेऊन तिच्या मागे मागे फिरताहेत.

घाबरले. योगायोग असेल असं स्वतःला चारदा समजावलं. गंमत म्हणजे मोनाली मजेत आहे. दोन भाकऱ्या खाल्ल्या, दुपारी गाढ झोपली. काकू म्हणाल्या, अल्बम निघाल्यापासनं पोर अशी निजली न्हवती. मी वर येऊन खर्ज लावला. नेहमीपेक्षा दोन स्वर खाली सहज गेला.

रविवार, १९ जानेवारी

मायलेकी इंदापूरला गेल्यावर खिडक्या लावून गायले. आला! छातीतून नाही, त्याच्याही खालून. पेटीवरचा पाण्याचा पेला थरथरत होता. माझाच आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षं मी ह्याची वाट बघत होते, हे मला आज कळलं. आनंद झाला, भीती वाटली, आणि आनंद जास्त होता.

नंतर गुळणी केली तर पाणी काळसर निघालं. तोंडाला गाळाची चव. विहीर उपसतात तेव्हा वास येतो तसली.

बुधवार, २२ जानेवारी

मध्ये थांबले की नावं ऐकू येतात.

मी गाणं लावलेलं नसतं. नुसता रियाज करते, श्वासासाठी थांबते, आणि त्या जागेत कुणीतरी म्हणतं: बापू. कुणी म्हणतं: आई, वॉर्ड तीन. कुणी हिंदीत, कुणी मला न येणाऱ्या भाषेत. कुठे कुठे लोक तो अल्बम ऐकत असतील आणि त्या आठ मात्रांत नाव घेत असतील. ती सगळी आता माझ्याकडे येतात. प्रत्येक नाव घशातून खाली उतरतं आणि पाय जड होतात. ही पोर दोन वर्षं हे झेलत ब्लाउज शिवत होती.

मला जमेल. ती काय माझ्याहून मोठी लागून गेली?

रविवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. समूहगीताला मुलींना सा द्यायला तोंड उघडलं आणि तो आवाज निघाला. माईकवर. सबंध मैदानावर. पहिलीच्या मुली रडायला लागल्या. मी तोंड मिटायला गेले, मिटेना. शब्द माझे नव्हते, नुसती नावं, एकामागून एक.

थांबलं तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या कौसल्याबाई माझ्यापाशी आल्या. त्यांचा महिपती तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. त्याचं नाव मी घेतलं, असं त्या म्हणाल्या. बाई, तुमाला तो कुठं दिसला? असं विचारत माझे पाय धरले. दिसला नाही, असं सांगायला हवं होतं. पण तो मला दिसला होता. खाली. अगदी माझ्या शेजारी.

सोमवार, २७ जानेवारी

राजलक्ष्मी मॅडमनी कालचं फोनवर टिपून नेटवर टाकलं. लोक लिहिताहेत की हा आवाज मोनालीपेक्षाही खोल आहे. ‘मोनालीपेक्षाही.’ ते वाक्य मी चार वेळा वाचलं. खरं सांगायचं तर नऊ.

डबा खाल्ला नाही. भाकरीत गाळ लागतो. गुडघ्यापर्यंत गार पडलं आहे, रग पांघरूनही.

बुधवार, २९ जानेवारी

मोनाली वर आली. पाटी घेऊन आली होती. लिहिलं: मला पैल्या दिवशीच कळलं ताई. मी राग धरला न्हाय.

मग पुसून: तुमाला ह्ये पेलायचं न्हाय. मला सवय हाय. परत द्या.

कसं द्यायचं, तेही लिहिलं. चौथं गाणं लावायचं, जागा आली की तिचं नाव घेऊन म्हणायचं, तिचं तिला. बस एवढंच. माझं नाव तिने किंवा काकूंनी घेऊन चालत नाही, मागितला मी, सोडायचाही मीच. ते मलाच बोलावं लागणार.

मी विचारलं, मग तू पुन्हा त्या गाळात? तिने मान डोलावली. कपाळावर आठी नाही, काही नाही. अशी कशी असू शकते ही? मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

गुरुवार, ३० जानेवारी

शाळेत गेले नाही. कंबरेपर्यंत गार. जिना उतरता येत नाही — बेसिनमध्ये खोकले, मूठभर गाळ — त्यात गवताची काडी.

नावं थांबत नाहीत. बापू — सुमन — आमचा दीपू — वॉर्ड तीन — महिपती. ती माणसं पाय धरतात. मी वर कशी काढू, मीच —

उद्या देऊन टाकायचं. ठरलं. काकूंना सांगितलं. त्या रडल्या, मला जवळ घेतलं. म्हणाल्या, चुकतं माणूस.

लोकांचं वाचायला फोन घेतला. बंद केला. पुन्हा घेतला.

शुक्रवार, ३१ जानेवारी

दुपारचे बारा. लख्ख ऊन आहे. मोनाली समोर बसली आहे, काकू दारात. गाणं लावलं. लिहीत राहते, हात चालतो तोवर धीर आहे.

ती खाली उतरते आहे — माझ्यासारखीच — नाही, माझ्याहून बरी — हे आत्ता कशाला —

जागा आली. आठ मात्रांत संपत नाही आता. मी बोलेपर्यंत ती जागा थांबून राहते.

मोनालीने हात पुढे केला आहे. नाव घ्यायचं. एवढंच. छातीपर्यंत गार आलं आहे —

नाव घेतलं की संपलं. मग मी पुन्हा छान झालं म्हणण्यापुरती. ट्रॅक्टरवर तीच. राजलक्ष्मी तिच्यासाठी डोळे पुसणार — मी पेटीवर —

काकू ओरडताहेत, बोल पोरी, बोल —

नाही. आवाज माझा आहे. गळ्याशी आलं तरी माझा. नाही देणार —

मोनाली रडते आहे. स्वतःसाठी नाही. माझ्यासाठी. आवाज नसताना, तोंडातून हूं की चूं न निघता अशी रडते की — मला कुणासाठी असं कधी — हेसुद्धा तिच्याचकडे — तेही मला हवं, ते रडणंसुद्धा मला —