विळ्याचं नाणं

आये, तुझं ते बेंबीवर बांधायचं तांब्याचं नाणं कुठलं, ते मी शोधून काढलं. तू गेल्याला बारा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत ते माझ्या हातात आलं तेही वहिनीनं दिलं म्हणून. आता बाळंतपणं मुरबाडला दवाखान्यात होतात, तरी नाळ पडल्यावर पोराची बेंबी फुगली की टोकावड्याकडच्या बायका वहिनीकडेच येतात. त्यातल्या एका शिकलेल्या सुनेनं विचारलं, हे नाणं कुठलं? वहिनीला सांगता येईना. मला म्हणाली, "ताई, तुमी आसनगावला ऱ्हाता, शिकल्याली माणसं वळखता. बघा ना इचारून." गोड बोलते गं ती. तेच मला सोसत नाही.

अजून डोळ्यांपुढे आहे: मी दहा वर्षांची आहे. चुलीपुढे बसून तू नाणं फडक्यात गुंडाळतेयस, मी हात पुढे करते, तू फटकन मारतेस. "खेळायचं नाय ते." मग तूच जवळ ओढून दाखवतेस. हा विळा, नाळ कापायचा, आन ही खाली आईची कूस. सटवाईनंच सुईणींसाठी धाडलंय. हेच नाणं पुढे तू माझ्यादेखत वहिनीच्या हातावर ठेवलंस. मला का नाही, विचारलं तर म्हणालीस, "तू रगत बघून पळतेस गो." खोटं नव्हतं. पण पोटची पोर मी, आणि ती घरात येऊन दोन वर्षं झालेली. माझा जळफळाट झाला, अजून होतो.

मुरबाडच्या सराफानं नाणं पाहिलं न पाहिलं, "तांबं आहे" म्हणून परत सरकवलं. शहापूरला चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर जुनी नाणी जमवतात असं कळलं, तिथे गेले. त्यांनी ओटीवर उजेडात बसून बराच वेळ भिंगातून पाहिलं. "बाई, हा विळा नाही, तलवार आहे. आणि खाली घोड्याचा खूर. बडोदे संस्थानातला जुना पैसा हा." मी म्हटलं, कूस नाही ती? माणूस भला, हसला नाही. कुणाचं, म्हणून विचारलं तेव्हा मी बेधडक सांगितलं, आईनं मला दिलं.

परत द्यायला गेले ती सगळं सांगून तिचा तोरा उतरवायचा, असं ठरवूनच. पाहते तर एक बाळंतीण पोर घेऊन बसलेली. वहिनीनं नाणं घेतलं आणि तिला दाखवू लागली, "ह्यो बघ विळा, आन ही आईची कूस." हुबेहूब तुझा हेल. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय कळलं का ताई?" मी म्हटलं, "नाही. मास्तरांनाही ओळखता आलं नाही." "मंग आई म्हनायच्या तेच खरं," म्हणून ती फडकं बांधायला लागली.

तुझी लाज राखली असं समजू नकोस. नाणं तिचं, विद्या तिची, तुझा आवाजसुद्धा तिनंच उचलला. ते कुठलं होतं, एवढं मात्र मी तिला देणार नाही. तुझं हे एक माझ्याकडे आहे, आणि ते तुलाही ठाऊक नव्हतं.