पिवळी पूड आणि जिलबीचं वजन

केंब्रिज, रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

चिरंजीव शशिधर यास आक्काचे पोटभर आशीर्वाद. पत्र कशाला, फोन आहे की, म्हणशील. पण फोनवर तू मध्येच "बरं आक्का, गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही. सुमनची मान कशी आहे? तुझी कंबर? (कंबरेचं मी शेवटी काढणार आहे, तोवर दम धर.) इथे सगळे मजेत. ऋजुता आणि जावईबापू कामावर, उर्वी शाळेत, आणि मी मागच्या अंगणात दोन कोंबड्यांशी बोलत. मी तिसरी पास, त्या तेवढ्याही नाहीत, म्हणून आमचं जमतं. नावं उर्वीने ठेवलीत, जिलबी आणि पोहा. सरकारातही नोंदवल्यात, म्हणजे इथे माझ्याइतक्याच कायदेशीर आहेत.

तर मागच्या आठवड्यात जिलबी मान आत ओढून बसली, श्वासाला घरघर. मी तुला फोन लावला, फोन तिच्या चोचीशी धरला, आणि तू बार्शीत बसून ऐकून सांगितलंस की गेल्या खेपेला दिलेली पिवळी पूड चिमूटभर पाण्यात घाल. (ती मी पाकिटासकट मेतकुटाच्या डब्यात ठेवली होती. जावईबापूंनी एकदा भातावर घ्यायला काढली होती, पण ते जाऊ दे.) दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी जिलबी उठेना. उर्वी शाळेचे बूट घालून तशीच तिच्यापाशी बसली आणि तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली, "आजी, माझा जिलबी मरणार?" मी म्हटलं, छे, तुझा मामाआजोबा डॉक्टर आहे. तू चाळीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतास, आता औषधांचं दुकान आहे, गाव डॉक्टर म्हणतं, मग मी का नको?

ऋजुताने सुट्टी टाकली आणि खोक्यात जिलबी घेऊन आम्ही बसने निघालो. बसमध्ये जिलबी एकदाच ओरडली, तर सगळी बस खिडकीबाहेर बघायला लागली, जणू आवाज बाहेरूनच आला. माझा बेत सोपा होता. डबा पर्समध्ये घेतला होता, दवाखान्यात दाखवायचा आणि यापेक्षा जरा जोराचं द्या म्हणायचं. पण मी औषध मागताच, डबा काढायच्या आधीच, टेबलामागच्या मुलीने गोड हसून सांगितलं (इंग्रजीचं मराठी ऋजुता करत होती) की डॉक्टरांनी कोंबडी बघितल्याशिवाय असलं औषध मिळत नाही. मग म्हटलं, पोहासाठीही एक बाटली बांधून द्या, आजार एकच असणार. तर म्हणे पोहालाही घेऊन या. इथे कोंबडीलासुद्धा स्वतः हजर राहावं लागतं.

डॉक्टरीण सारा नावाची, आपल्या उर्वीची थोरली बहीण शोभेल एवढी. तिने जिलबीला तान्ह्या बाळासारखं काट्यावर ठेवलं, दोन किलो शंभर ग्रॅम भरली. नळी लावून दोन्ही बाजूंनी छाती ऐकली, पंख उचलून बघितले. आणि मग विचारलं, आणखी काही दिलंय का हिला?

शशी, मी भिंतीवरचं सशाचं चित्र बघत बसले. ऋजुताला पुडीचं माहीत नव्हतं. माझा भाऊ चुकला असं परक्या बाईसमोर म्हणायचं जिवावर आलं. तेवढ्यात जिलबीने डोळा मिटला. कोंबडीची पापणी खालून वर येते, ठाऊक आहे ना तुला? ती पापणी वर येताना बघितली आणि मी पर्स उघडली.

साराने डब्यातल्या पाकिटावरचं अर्धं फाटलेलं लेबल वाचलं. वासरांचं औषध होतं ते. ऋजुताने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, खोक्यात जिलबीच्या जागी मी बसावं. सारा मात्र रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी यावर दुसरं दिलं असतं."

मग तिने वजनाप्रमाणे थेंब मोजून औषध दिलं. आणि म्हणाली, दोन आठवडे हिची अंडी कुणी खायची नाहीत. मी म्हटलं, बाई, ही लाडाची कोंबडी आहे, विकायची नाही. तर कायद्याला लाड कळत नाही म्हणे. अंडं देते ना, मग ती खाण्याचीच. शिवाय कोणतं औषध कधी दिलं ते वहीत लिहायचं आणि वही पाच वर्षं जपायची. (जिलबी तेवढी जगेल का, हे मी विचारलं नाही.) परत येताना माझ्या मनात आपली म्हैस आली. सकाळी तिला सुई, संध्याकाळी तिचंच दूध तुझ्या नातवाच्या, कुशच्या खिरीत. वाईट कुणाच्या मनात नव्हतं रे. विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आणि पूड घातली त्या दोन दिवसांत मीही उर्वीला तिचं अंडं उकडून दिलं होतं.

सुमनला आशीर्वाद, कुशला पापा.

तुझी आक्का

ता. क. जिलबी उठली. पोहाला टोचून पहिला दाणा तिनेच खाल्ला.

ता. क. पुढच्या महिन्यात तुमच्याकडची नीना इकडे येतेय, तिच्याबरोबर पूड पाठवू नकोस. उरलेली साराने ठेवून घेतली, नष्ट करतात म्हणे. डबा धुऊन परत दिला.

ता. क. आता कंबर. सुमनने मला सांगितलंय की तू दुकानातल्या बैलाच्या गोळ्या अर्ध्या करून घेतोस, चार महिने झाले. नाव न सांगता मी साराला विचारलं. तिने हातातलं काम थांबवलं आणि म्हणाली, "त्यांना कुणी बघितलंय का?" एवढ्यासाठीच हे पत्र, बाकी सगळी कोंबडी. सोलापूरला जा, माणसांच्या डॉक्टरकडे, आणि त्या गोळ्यांचं लपवू नकोस. मी भावाचं नाव गेलं तरी सांगितलं, तुला तर फक्त स्वतःचंच सांगायचंय. वजन किती भरलं ते कळव. जिलबीचं मला ठाऊक आहे, तुझं नाही.