तीन हजार वॅट, शुद्ध

११ फेब्रुवारी
ईस्टरचं ठरलं. लग्न झाल्यापासून दर ईस्टरला आम्ही सुनीवाच्या माहेरच्या केबिनवर जातो, आणि दर ईस्टरला माझा साडू स्टाइनार मला लाकडं कशी फोडायची ते नव्याने शिकवतो. यंदा मोटरहोम. स्वतःचं छप्पर, स्वतःची कुऱ्हाड (लागलीच तर).

सुनीवा तयार आहे, पण अट घातली. गुड फ्रायडेला तिच्या आईच्या साच्यात वॉफल्स झाले पाहिजेत आणि तिचे पाय गरम राहिले पाहिजेत. नाही जमलं तर मोटरहोम विकायचं आणि कायमचं केबिन, तेही कुरकुर न करता. मी लगेच हो म्हटलं. साचा विजेवरचा, हजार वॅटचा. म्हणजे गाडीच्या बॅटरीवरून घरासारखी वीज देणारा एक इन्व्हर्टर हवा. उद्या संध्याकाळपर्यंत निवडून टाकतो.

२० फेब्रुवारी
निवडलेला नाही. घाईने निवडणं हाही एक आळसच.

प्रकार दोन: ‘शुद्ध साइन वेव्ह’ आणि ‘सुधारित’. सुधारित स्वस्त आहे. पण शाळेत नीतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने केवळ स्वस्त म्हणून शुद्धतेशी तडजोड करावी का? सुनीवा म्हणाली, अरे, साच्याला काय कळतंय शुद्ध-अशुद्ध, तो नुसता तापतो. ती नर्स आहे. प्रश्न लवकर मिटवायची सवय.

२६ फेब्रुवारी, सकाळी
शुद्धच घ्यायचा. आता आकार.

मोटरहोमवाल्यांच्या फोरमवर विचारलं. ‘ट्रुम्सोचे आजोबा’ नावाच्या सभासदाने उलट विचारलं की बॅटरी कुठली आहे. मी नम्रपणे कळवलं की प्रश्न इन्व्हर्टरचा आहे.

३ मार्च
आजोबांनी पुन्हा बॅटरी विचारली. काही लोकांना विषयाला धरून बोलताच येत नाही.

दीड हजार, दोन हजार की तीन हजार? स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: मोठा घ्यावासा वाटतो तो गरजेपोटी की स्टाइनारला दाखवायला? बराच वेळ आत डोकावून पाहिलं. गरजेपोटीच आहे.

९ मार्च
तीन हजार घेतला. शुद्ध. पलंगाखाली बसवला, कारण दुसरीकडे मावत नाही. सुनीवाचे स्कीचे बूट आता बाथरूममध्ये. हिरवा दिवा फार सात्त्विक दिसतो.

बॅटरी गाडीबरोबर आलेलीच आहे, जुनी. अनुभवी म्हणू.

१७ मार्च
घरी चाचणी घ्यायचं सुनीवाने सुचवलं. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होता. शिवाय आपण नीट विचार करून घेतलेल्या वस्तूची चाचणी घेणं म्हणजे स्वतःच्या विचारावर अविश्वास. ती म्हणाली, बरं, प्रोफेसर. हा शब्द स्टाइनारचा आहे.

२७ मार्च
पोहोचलो. स्की-ट्रॅकजवळचा पार्किंग लॉट. केबिन इथून वर दिसते, हा निव्वळ योगायोग. पाचशे मीटरवर कॅम्पिंग आहे, तिथे प्लग मिळतो. प्लगच लावायचा तर तीन हजार वॅट कशाला घेतले?

पोहोचताच इन्व्हर्टर सुरू केला. काही जोडलेलं नव्हतं, नुसता चालू. सुनीवाने विचारलं, मग बंद का करत नाहीस? मी म्हटलं, तयारीत असलेला बरा. संत्री खाल्ली, तिने गुन्हेगारी कादंबरी उघडली. पाय गरम. एक अट पूर्ण.

२८ मार्च
पहाटे हीटरचा पंखा थांबला. बाहेर उणे चौदा. इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाही वीज खातो म्हणे. हे डब्यावर इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय की त्याला लिहिलंय म्हणणं धाडसाचं आहे. बॅटरी रिकामी. सुनीवा स्कीचे कपडे घालून पांघरुणात बसली होती.

बॅटरी भरायला इंजिन चालू ठेवलं. स्की खांद्यावर घेऊन जाणारे थांबून बघत होते. निसर्गात धूर सोडण्याच्या नैतिक बाजूवर विचार केला. खिडकीचे पडदे लावले.

२९ मार्च, गुड फ्रायडे
पीठ तयार. तपकिरी चीज कापून ठेवलं. साचा लावला. हिरवा दिवा लाल झाला, एक बारीक शिट्टी वाजली, आणि सगळं गप्प. पुन्हा लावला. पुन्हा शिट्टी. चार वेळा. तीन हजार वॅटमध्ये काही खोट नाही. त्याला पुरेल एवढं पाजणारी बॅटरी आपल्याकडे नाही, इतकंच. आजोबांना हे नेमक्या शब्दांत सांगता आलं असतं.

तेवढ्यात स्टाइनार आला, त्याच्या इलेक्ट्रिक कारने. त्या गाडीला बाहेरून एक प्लग आहे, वीज देणारा. म्हणाला, अहो प्रोफेसर, आणा तो साचा, बघू या गाडीत दम आहे का. सुनीवा पिठाचं पातेलं घेऊन माझ्या आधी पोहोचली. सगळं पीठ संपेपर्यंत वॉफल्स झाले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही खाल्ले. मला कडेचा, जरा करपलेला मिळाला. चांगला होता.

मग स्टाइनारने विचारलं, तुमचं घरही लावू का माझ्या गाडीला, सुनीवाचे पाय गार दिसतायत. मी विचार करतो म्हटलं. सुनीवाने केबल लावली.

१ एप्रिल
घरी. सुनीवा मोटरहोमची जाहिरात लिहितेय. मी कुरकुर केली नाही, अटीतच होतं. फक्त इन्व्हर्टरचा उल्लेख यावा अशी विनंती केली. ती म्हणाली, तो तूच लिही.

लिहिलं: इन्व्हर्टर, तीन हजार वॅट, शुद्ध साइन वेव्ह, जवळजवळ न वापरलेला.

पाठवण्याआधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, आणि ‘जवळजवळ’ खोडलं.